पीठ संपेपर्यंत

अणुभट्टीला विचाराल तर ती म्हणेल,
अजून कित्येक वर्षं.
समुद्राचंच पाणी गोड करून घेऊ,
पाणी फोडून त्यातनं श्वास काढू,
वर जायचंच कशाला?

मला विचारा.
ब्रेस्टहून निघालो तेव्हा पोती होती छप्पन्न,
आज एकोणपन्नासावी रात्र,
पोती एकोणीस.
एवढी संपली की आमचा धाक घरी परतणार,
आणि त्याआधीच दुसरी पाणबुडी
खाली उतरलेली असणार
आपलं पीठ घेऊन.

कामारे गावात बापाची बेकरी होती.
पहाटे चारला कोळी यायचे, ओल्या बुटांनी,
आणि बाप कणीक ओट्यावर अशी आपटायचा
की वरच्या मजल्यावर मी जागा व्हायचो.
इथे आपटायचं नाही.
मळणीयंत्राच्या पायांखाली रबर,
ट्रेंच्या मधे नमद्याचे तुकडे.
परवा माझ्या हातून एक उलथणं पडलं.
सोनारवरचा तुदुआल हेडफोन गळ्यात घेऊन दारात आला,
म्हणाला, "गूल्वेन, आत्ता एक देवमासा विचारत होता,
नाश्त्याला काय आहे?"
कान टोचावेत तर सोनारानंच.

आम्ही कुठे आहोत?
मला माहीत नाही. माहीत असणारे मोजून चार-पाच.
बाकीच्यांना दिवस कळतो तो माझ्यामुळे :
लांबोडके पाव म्हणजे कामाचा वार,
लोण्याचा वास सुटला की रविवार.
चुकून बुधवारी लोणी वापरलं होतं एकदा,
दोघा-तिघांनी दाढी केली.

सोळा नळ्या, दोन रांगांत.
त्यांच्या मधल्या वाटेनं मी पोतं ओढत नेतो,
एकीला टेकून कांद्याची जाळी ठेवलेली आहे.
आत काय आहे ते सगळ्यांना ठाऊक.
कुणी त्याबद्दल बोलत नाही,
जेवताना तर नाहीच.

काल रात्री तीन वाजून वीस मिनिटांनी
भोंग्यातनं तो आवाज आला.
सराव की खरं,
हे त्या आवाजात नसतं.
माणसं मऊ बुटांनी पळाली, मीही,
आग विझवायची नळी धरून नळ्यांपाशी उभा राहिलो,
चौथी आणि पाचवी यांच्या मधे.
अकरा मिनिटं.

एनोराला सांगेन की मला तू आठवलीस.
खरं सांगायचं तर
मला कणीक आठवत होती.
दुसऱ्यांदा फुगायला ठेवलेली,
वर ओलं फडकं,
आता पातेल्याच्या काठावरनं उतू जात असेल.
आणि असंही मनात आलं
की हे खरं असलं
तरी सकाळी एकशे दहा माणसं भुकेली असणार.
कुठल्या तोंडानं मागतील पाव,
कुठल्या हातानं देईन मी?

"सराव समाप्त."
कुणीतरी खोकलं. कुणीतरी हसलं, नको तितकं.

परत येऊन बघतो तर
कणीक ओट्यावर ओघळलेली, आंबूस,
जिवंत, कसलीच खबर नसलेली.
मूठ आवळली आणि तिच्यात खुपसली.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
शाळेत पाठ केलेलं असावं असं
हे आमच्या अख्ख्या बोटीला पाठ.
आणि उघडली तर?
तर किती लाख,
ते मोजायला कुणी जागेवर असेल
असं वाटत नाही.

पाव जरा आंबट झाला. कुणी तक्रार केली नाही.
कप्तानानं तीन तुकडे खाल्ले, उभ्यानंच,
आणि दर खेपेला सुरीवरचं लोणी
काळजीपूर्वक पुसून घेतलं.

आज एनोराचा आठवड्याचा निरोप आला,
चाळीस शब्दांत बसवलेला.
गच्चीचं दार फुगलंय, लागत नाही.
लेकीचा दात पडला.
तिकडे काय चाललंय?
शेवटचा प्रश्न तिनं उगीच घातला,
तीन शब्द वाया.
उत्तर पाठवता येत नाही हे तिला माहीत आहे.
पाठवता आलं असतं तर लिहिलं असतं,
काही नाही.
दोन महिने आम्ही जीव तोडून
काही नाही करतो आहोत.

नवं पोतं फोडलं आत्ता.
अठरा.